सात मिनिटांत स्वावलंबी

तायडीला नोकरीवरून काढलं, त्याला आता दीड वर्ष होईल. 'काढलं' असं कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. कागदावर लिहिलंय, 'आपली सेवा थांबवण्यात येत आहे.' ते वाक्य मीच टाइप केलं. असली वाक्यं मी आयुष्यभर टाइप करत आलोय, त्यामुळे ती कशासाठी घडवलेली असतात ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यांत कोणी कोणाचं काही करत नाही. जे होतं ते आपोआप होतं, पाऊस पडावा तसं.

मी एका दिवसकेंद्रात कारकून आहे. वयाने वाढलेली पण बुद्धीची वाढ लहानपणीच अडखळलेली माणसं आमच्याकडे सकाळी नऊला येतात आणि चारला घरी जातात. सरकार दर चार-पाच वर्षांनी त्यांना नवं, अधिक सभ्य नाव देतं. नाव बदललं की मला सगळे फॉर्म पुन्हा टाइप करावे लागतात, बाकी काही बदलत नाही. केंद्र म्हणजे एका जुन्या गोदामावरच्या दोन खोल्या, एक स्वयंपाकाचा ओटा, भिंतीवर चौदा खुंट्या आणि त्या खुंट्यांवर चौदा पिशव्या. माझं टेबल दाराजवळ. मी दिवसभर टकटक करतो म्हणून तिथे सगळे मला 'टकटक' म्हणतात. माझं खरं नाव तिथल्या कोणाला सांगता येणार नाही.

तायडी तिथे मदतनीस होती. साठीला आलेली, बुटकी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने वळून बघावं. तिचा धाकटा भाऊ तिला तायडी म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. त्या भावाला आम्ही साहेब म्हणायचो. कारण तो आत आला की प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "काम झालं का?" आणि उत्तराची वाट न बघता, "छान, छान," म्हणत पुढे जायचा. मी पाहिलेल्या खऱ्या साहेबांपेक्षा हा बरा. निदान 'छान' तरी म्हणायचा.

साहेब जन्मला तेव्हा तायडी बारा वर्षांची होती. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली, मागोमाग वडीलही गेले. तायडी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली. एकोणीस वर्षं तिने फक्त कॉलर शिवल्या. बाह्या दुसरीच बाई, बटणं तिसरीच. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "स्थळं आली होती की. साहेबांसकट हवं होतं कोणाला?" आणि मोठ्याने हसायची. ती हसते आहे म्हणून आपणही हसायचं की नाही, हे मला कधी कळलं नाही.

ती कामावर असायची तेव्हा साहेब घराच्या उंबऱ्यावर बसून असायचा. शेजारीण अधूनमधून डोकवायची. तो सव्वीस वर्षांचा असताना एक दिवस उंबरा रिकामा दिसला. तो कुठल्याशा बसमध्ये चढला होता. दोन दिवसांनी तीन गावं पलीकडच्या बस डेपोत सापडला. पायात एकच चप्पल, ओठ सुकलेले, आणि कोणीतरी त्याला मारलंही होतं. त्यानंतर तायडी त्याला बरोबर घेऊन कारखान्यात जायला लागली. मुकादमाने आठ दिवस चालवून घेतलं, नवव्या दिवशी साहेबाला दार बंद केलं. पुढे कारखानाही बंद पडला. त्याच सुमाराला ती भावाला दाखल करायला आमच्या केंद्रात आली. दाखल करून परत जायचं होतं, पण कोपऱ्यात एका बाईचा झगा उसवलेला दिसला म्हणून ती सुई घेऊन बसली, आणि सतरा वर्षं बसली.

तिने तिथे काय केलं ते सांगायला सोपं आहे, करायला नाही. तिने माणसांना शर्ट घालायला शिकवला. साहेबासाठी आधी तिने जुन्या कोटाची मोठी बटणं एका फडक्यावर शिवली. ती जमली तेव्हा त्याहून लहान, मग त्याहून लहान. नेहमीच्या शर्टापर्यंत यायला तीन वर्षं लागली. ज्या दिवशी त्याने सगळी बटणं स्वतः लावली, त्या दिवशी तो मला येऊन म्हणाला, "टकटक, काम झालं." प्रश्न विचारला नाही, सांगितलं. तायडी तेव्हा ओट्याकडे तोंड करून उगाचच भांडी घासत होती.

मग तिने बाकीच्यांनाही धरलं. दात घासणं, चपलेचा पट्टा लावणं, भाजी चिरणं. आमच्याकडे एक पन्नाशीची बाई होती, तिला आम्ही रेडिओ म्हणायचो. ऐकलेलं वाक्य ती दिवसभर जसंच्या तसं बोलत राहायची, बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात. तिला तायडीने चहा करायला शिकवलं. रेडिओ स्वतःशी घोषणा करत करत चहा करायची, "आता पाणी. आता साखर. आता पत्ती." आणि गॅस बंद करायची वेळ आली की तायडी म्हणायची, "आता बंद." मग रेडिओ म्हणायची, "आता बंद," आणि बंद करायची. ते दोन शब्द तायडीनेच म्हणायला लागत. सहा वर्षं ती म्हणत होती. आम्ही रोज तो चहा पीत होतो.

या सगळ्याची ती नोंद ठेवायची. शाळेच्या वह्या, शिसपेन्सिल, दर दिवशी प्रत्येक माणसाच्या दोन ओळी. कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कारखान्यात रोजच्या कॉलरी लिहायची सवय. हात मोकळा राहत नाही."

मग नवं धोरण आलं. नाव होतं 'स्वावलंबन पडताळणी.' धोरणाच्या पुस्तिकेवर एका हसऱ्या माणसाचं चित्र होतं, तो डोंगरावर चढत होता. आत लिहिलं होतं की माणसाला कायम आधारावर ठेवणं हा त्याचा अपमान आहे, म्हणून ज्यांना स्वतःचं स्वतः करता येतं त्यांना आता समाजात मोकळं सोडायचं. मोकळं म्हणजे कुठे, ते लिहिलं नव्हतं. बावीस प्रश्न होते, प्रत्येकापुढे दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही.' चौदा किंवा जास्त 'हो' आले की माणूस स्वावलंबी. मग केंद्रातली त्याची जागा रद्द, ने-आण करणारी गाडी रद्द.

पडताळणीला एक तरुण अधिकारी आली. पंचविशीची असेल. बोलायला गोड, घामाघूम झालेली, हातात टॅब. तायडीने तिला पाणी दिलं. सगळ्यांना कळलं होतं की आज कोणीतरी बघायला येणार. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले होते. सतरा वर्षं तायडीने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, कोणी विचारलं की मान वर करून सांगायचं, 'हो, मला येतं.' तेच त्यांनी केलं.

"शर्ट स्वतः घालता येतो का?"

"हो!" साहेबाने दोन बटणं काढून परत लावून दाखवली.

"चहा करता येतो?"

"हो, हो."

"एकट्याने बसने प्रवास करता येतो?"

साहेब खुलला. "हो. मी गेलो होतो."

मी टेबलावरून उठलो. तायडी म्हणाली, "अहो बाई, तो हरवला होता. दोन दिवस. मेला असता."

ती मुलगी अवघडली. "पण ताई, मला त्यांचं उत्तर लिहायचंय. पालकांनी मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे. आणि इथे 'हो' किंवा 'नाही' एवढंच आहे."

"मग दोन्हींच्या मध्ये लिहा."

"मध्ये जागाच नाही," ती म्हणाली. टॅब फिरवून तिने दाखवलं. खरंच नव्हती.

मी घड्याळ बघत होतो. एका माणसाला सात मिनिटं. रेडिओला तर पाचच, कारण ती प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा परत म्हणायची आणि शेवटी 'हो' जोडायची. "स्वयंपाकघरात काम करता येतं का, हो." "औषध वेळेवर घेता येतं का, हो." बावीसपैकी बावीस. आमच्या केंद्रात तिचा पहिला नंबर आला.

महिन्याभराने निकाल आला. चौदापैकी नऊ जण स्वावलंबी. सोबत नऊ प्रमाणपत्रं होती, जाड कागदाची, सोनेरी कडा. वर मोठ्या अक्षरांत 'अभिनंदन.' आणि केंद्राला सूचना, की छोटासा कार्यक्रम घेऊन ही प्रमाणपत्रं सन्मानाने द्यावीत आणि फोटो पाठवावेत. आमच्या संचालकांना आम्ही सर म्हणतो. सरांनी कार्यक्रम घेतला. मी फोटो काढले. का काढले ते विचारू नका. साहेब त्या फोटोत इतका खूश दिसतो की बघवत नाही. तो ते प्रमाणपत्र घेऊन प्रत्येकाच्या खुंटीशी गेला आणि प्रत्येकाला वाचून दाखवल्याचं नाटक केलं. त्याला वाचता येत नाही. बावीस प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

तायडी कार्यक्रमात टाळ्या वाजवत नव्हती. सर हळूच म्हणाले, "तायडी, चेहरा जरा..." ती म्हणाली, "चेहरा माझा आहे, सर. तो तरी ठेवा माझ्याकडे."

पुढच्या सोमवारी गाडी नऊ घरांसमोर थांबली नाही. साहेबाचं एक बरं होतं, तायडी त्याला हाताला धरून घेऊन यायची. नियमाने तो आत बसू शकत नव्हता, म्हणून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा. वर त्याची खुंटी रिकामी. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "काम झालं का?" तायडी दर अर्ध्या तासाने जिना उतरायची आणि चढायची. तिचे गुडघे तेव्हाच गेले.

रेडिओचं असं नव्हतं. तिचे वडील ऐंशीच्या पुढचे, दवाखान्यात कंपाउंडर होते. घरात दोघंच. त्यांना दर आठवड्याला डोळे दाखवायला जावं लागायचं. पूर्वी ते केंद्राच्या वेळेत जाऊन यायचे. आता ते जाताना बाहेरून कडी घालायला लागले. दुसरं काय करणार? बरोबर न्यायचं तर रस्ता ओलांडताना कोणी कोणाला धरायचं हाच प्रश्न. तिसऱ्या आठवड्यात ते कडी घालून गेले आणि रेडिओला चहाची आठवण झाली. तिने सगळं बरोबर केलं. पाणी, साखर, पत्ती. मग ती उभी राहिली. 'आता बंद' म्हणायला कोणी नव्हतं. शेजारच्या बाईने नंतर सांगितलं की भिंतीपलीकडून बराच वेळ तेच तेच ऐकू येत होतं, "आता पत्ती, आता पत्ती." पाणी आटलं, पातेलं लाल झालं, धूर झाला, आणि मग रेडिओने ते पातेलं दोन्ही हातांनी उचललं.

शेजाऱ्यांनी कडी काढली. तळहात दोन्ही भाजून गेले होते.

तायडी त्या दुपारी इस्पितळात गेली, मीही गेलो. म्हातारे बाकावर बसले होते, डोळ्यांत औषध घातल्यामुळे पाणी येत होतं की रडत होते ते कळत नव्हतं. ते म्हणाले, "तुमच्या कागदावर लिहिलं होतं ना, तिला येतं म्हणून?" परत येताना तायडी रस्त्यात म्हणाली, "त्यांनी मला विचारलं, टकटक. बरोबर विचारलं. चहा मीच शिकवला ना."

"तू शिकवलास म्हणून काय झालं? तू काय..."

"मी शिकवलं नसतं तर तिला 'नाही' मिळालं असतं. आज ती वर बसली असती. म्हणजे मी सतरा वर्षं ह्यांच्यासाठी खड्डा खणला. आणि तोही हसत हसत."

मला तिचा तो आवाज माहीत नव्हता. हळू होता. तायडीचा आवाज हळू होणं ही काय चीज आहे ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी ती विभागाच्या कचेरीत गेली. अपिलाचा नियम असा होता: अपील लाभार्थ्याने स्वतः, स्वतःच्या हस्ताक्षरात करायचं. पालकाने करायचं असेल तर लाभार्थी स्वतः करू शकत नाही याचा दाखला हवा. आणि तो दाखला स्वावलंबी ठरलेल्या माणसाला मिळत नाही. तायडीने खिडकीवरच्या माणसाला विचारलं, "म्हणजे त्याला अर्ज लिहिता आला तर तो हुशार, म्हणून अर्ज नामंजूर. आणि लिहिता आला नाही तर अर्जच नाही. असंच ना?"

खिडकीवरचा म्हणाला, "बाई, तुम्ही फार खोलात जाताय."

सरांनी एक तोड सुचवली. ते वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. म्हणाले, फेरपडताळणीची विनंती करता येते. ती आली की सगळ्यांना सांगून ठेवा. शर्ट उघडा ठेवायचा. प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणायचं. "आठ दिवस सराव घ्या," ते म्हणाले. "तुमचं सगळे ऐकतात."

तायडीने खरंच प्रयत्न केला. घरी साहेबाला समोर बसवलं. म्हणाली, "साहेब, बाई आल्या की बटणं लावायची नाहीत. आणि येतं का विचारलं की नाही म्हणायचं." साहेबाने तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. सगळी बटणं नीट लागलेली होती. तो म्हणाला, "तायडी, चुकलं का?"

तिने पुन्हा समजावलं. तो पुन्हा म्हणाला, "कुठे चुकलं?" आणि एकेक बटण काढून पुन्हा लावायला लागला, अधिक घट्ट. तिने त्याचे हात धरले. हे तिने मला जिन्यात सांगितलं आणि म्हणाली, "सरांना सांग, जमणार नाही. त्याला येतं. त्याला येत नाही असं मी त्याच्याकडून वदवून घेणार नाही. खोटं त्या कागदात आहे, त्याच्यात नाही."

महिन्यातून एकदा कचेरीत जाहीर सुनावणी होते, कोणीही गाऱ्हाणं मांडू शकतं. तायडीने रेडिओ सोडून बाकी आठ जणांना नेलं, त्यांच्या घरच्यांना विचारून. सरांना विचारलं नाही. मी रजा टाकली आणि तिच्या वह्या उचलायला गेलो. दोन पोती भरली. दालनात एका लांब टेबलामागे समितीचे पाच जण, मध्ये अध्यक्ष. पडताळणीला आलेली ती तरुण अधिकारी भिंतीजवळच्या खुर्चीवर. साहेबाने आत शिरल्या शिरल्या अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवला. "काम झालं का?"

लोक हसले. अध्यक्षही हसले, म्हणाले, "बघा, किती आत्मविश्वास आहे!"

तायडी म्हणाली, "आहे. तो मी सतरा वर्षं घातलाय त्याच्यात. तुमच्या सात मिनिटांत आलेला नाही." आणि तिने वही उघडली.

"साहेब. सगळी बटणं लावली. वेळ पंचवीस मिनिटं. 'खालून सुरू कर' चार वेळा सांगितलं." पान उलटलं. "साहेब. बटणं लावली. मी बाहेर गेले तर तिसऱ्यावर थांबला, परत येईपर्यंत तसाच उभा." पान उलटलं. "रेडिओ. चहा केला. गॅस तिनेच लावला. 'आता बंद' दोनदा म्हटलं. बंद केला. मग पुन्हा लावायला गेली, हात धरला."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "बाई, भावना समजतात. पण एवढं सगळं ऐकायला वेळ नाही."

"भावना कुठे वाचतेय? हा हिशेब आहे. तुम्ही विचारलंत येतं का. येतं. मी सांगते ना, येतं! कोण जवळ असलं की येतं, तेवढं विचारायचं राहिलं. ते विचारलं असतंत तर एका बाईचे हात राहिले असते."

अध्यक्ष म्हणाले की तो अपघात घरगुती आहे, विभागाशी त्याचा संबंध जोडणं योग्य नाही, आणि पडताळणी नियमानुसार झालेली आहे. तेव्हा भिंतीजवळची खुर्ची सरकली. ती मुलगी उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक.

"सर, मला दिवसाला चाळीस माणसं दिली होती. 'मदतीने' असा तिसरा रकाना हवा असं मी पहिल्याच आठवड्यात लिहून दिलं होतं."

"असं पत्र रेकॉर्डवर नाही."

"माझ्याकडे प्रत आहे, सर. पोच दिल्याच्या शिक्क्यासकट."

मी तोवर कधी कोणासमोर बोललो नव्हतो. तेव्हाही फार काही बोललो नाही. एवढंच म्हणालो, की निकालाची यादी मी टाइप केली आणि अभिनंदनाचे फोटो मी काढले, आणि यातला एकही माणूस आज इथवर एकटा आलेला नाही, कोणाचंही बोट सोडून बघा. साहेब माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "छान, छान."

तीन आठवड्यांनी आदेश निघाला. आठ जणांना 'विशेष बाब म्हणून' पडताळणीच्या पुढच्या फेरीपर्यंत परत घेतलं. फॉर्ममध्ये तिसरा रकाना आला, 'मदतीने.' आम्ही केंद्रात टाळ्या वाजवल्या. मग मी खालची बारीक अक्षरं वाचली. दोन 'मदतीने' मिळून एक 'हो' धरायचा होता. कोणीतरी, कुठल्यातरी खोलीत, पंख्याखाली बसून हे ठरवलं. दोन वेळा कोणीतरी हात धरला की एकदा माणूस एकटा चालला, असं गणित मांडणाऱ्या त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. तो जेवतो का, झोपतो का, त्याच्या घरी कोणी म्हातारं आहे का, हे मला विचारायचंय.

त्या मुलीची बदली झाली, लांब. आणि तायडीचं पत्र आलं: परवानगीशिवाय लाभार्थ्यांना केंद्राबाहेर नेलं, केंद्राच्या नोंदी बाहेर दाखवल्या, म्हणून सेवा थांबवण्यात येत आहे. सरांनी खाली मान घालून सही केली. "माझ्या हातात असतं तर," ते म्हणाले. पेन त्यांच्याच हातात होतं. मी नोकरी सोडली नाही. मला दोन मुली आहेत, असं मी स्वतःला सांगतो. तायडीने पत्र वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, "तू नको काही करूस हं. तू गेलास तर साहेबाकडे इथे बघणार कोण?" माझी लाज तिने अशी झाकली. त्याने ती अजून उघडी पडली, पण ते वेगळं.

साहेब आता गाडीने येतो. रेडिओ परत आली नाही. तिच्या वडिलांनी तिला दूरच्या एका निवासी संस्थेत ठेवलं, आणि पुढच्या थंडीत ते वारले. तायडी महिन्या-दीड महिन्याने तिला बघून येते. एकदा मी बरोबर गेलो होतो. स्वच्छ जागा आहे, फरशी चकचकीत. रेडिओ खिडकीपाशी बसली होती, आणि बोलत नव्हती. एक शब्द नाही. तिथली आया अभिमानाने म्हणाली, "इथे त्यांना काही म्हणजे काही करावं लागत नाही. आम्ही भरवतो, आम्ही कपडे घालतो." तायडीने रेडिओच्या तळहातांना तेल लावलं, केस विंचरले. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "आज तिची पडताळणी केली ना, तर तिला सगळं मिळेल. सगळ्या प्रश्नांना 'नाही.' आता ती त्यांच्या मनासारखी झाली."

पुढची फेरी दोन महिन्यांवर आहे. पुस्तिका पुन्हा छापून आली. तिच्या मुखपृष्ठावर आता डोंगर नाही. मी काढलेला फोटो आहे. साहेब, प्रमाणपत्र हातात धरून. कोणी विचारलं नाही. मी विभागाला तीन पत्रं लिहिली, तो फोटो काढा म्हणून. तिन्हींना उत्तर आलं की आपलं पत्र संबंधितांकडे पाठवण्यात येत आहे. संबंधित कोण, ते मी अजून शोधतोय.

तायडी मात्र थांबलेली नाही. दुसऱ्या वस्त्यांतल्या लोकांना तशीच अभिनंदनाची पत्रं गेली आहेत. कोणाकडून तरी पत्ता मिळतो, आणि ती गुडघे धरत जिने चढते. गेल्या रविवारी मी बरोबर होतो. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक आई, तिशीची मुलगी, टेबलावर ती सोनेरी कडा. आई म्हणाली, "अपिलात काय लिहायचं तेच समजत नाही. आम्हाला कायदा कुठे कळतो?"

"कायदा नको," तायडी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "कालचा दिवस सांगा. सकाळपासून."

"काल? काल विशेष काही झालं नाही हो."

"विशेष नकोच आहे. हिला उठवलं कोणी?"

"मी."

"मग? तोंड धुवायला पाणी कोणी काढलं?"

बाईने मुलीकडे बघितलं आणि ती बोलायला लागली. दोन तास बोलत होती. आम्ही लिहून घेत होतो, आणि ती अजून सकाळच्या दहापर्यंतच आली होती.